वाडी, कलम आणि करार : अलिबागच्या बागकामाचा अर्थेतिहास

१/८
अलिबाग परिसरात फार्महाऊसच्या बागा उभारणारे छोटे कंत्राटदार आज अनेक आहेत. चार माणसे आणि एक टेम्पो एवढ्या भांडवलावर सुरू झालेला हा व्यवसाय पुष्कळदा वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. तो किफायतशीर कंपनीपर्यंत कसा पोहोचेल, याची काही उत्तरे या किनाऱ्याच्या इतिहासात सापडतात.

२/८
गावाच्या नावातच बाग आहे. अली नावाच्या धनिकाने येथे विहिरी खोदून आंबा-नारळाच्या बागा लावल्या, त्यावरून ‘अलिबाग’, अशी आख्यायिका सांगितली जाते. तीत मालकाचे नाव उरले. खोदणाऱ्या आणि शिंपणाऱ्या हातांचे नाव मात्र कुठेच नाही.

३/८
अलिबाग-मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांचे अर्थशास्त्र पाहू. वर नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीच्या खोडावर मिरीचा वेल आणि मोकळ्या जागेत केळी. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, केळीचे पैसे वर्ष-सव्वा वर्षात हाती येतात. थोड्या काळाचे उत्पन्न दीर्घ काळाच्या झाडाला पोसते. हे वाडीचे जुने आर्थिक नियोजन होय.

४/८
भातशेतीत मात्र चित्र निराळे होते. जमीन कसणारे कूळ आणि धान्य नेणारा खोत, यांच्यातील व्यवहारात कुळाच्या हाती हक्काचा कागद क्वचितच असे. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. जमिनी ओस पडल्या, कुटुंबांची उपासमार झाली, तरी संप १९३९ पर्यंत टिकला. त्याच वर्षीच्या मुंबई कुळ कायद्याने ‘संरक्षित कूळ’ मान्य केले, आणि १९४९ च्या कायद्याने खोती संपवली.

५/८
पुढचे वळण रोपवाटिकेचे. पूर्वी आंब्याचे भेट कलम बांधण्यासाठी रोपे मातृवृक्षाच्या फांद्यांपर्यंत न्यावी लागत आणि महिनोन्‌महिने तेथेच ठेवावी लागत. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोय कलमाची पद्धत कोकणात रुजवली. थोड्या जागेत, थोड्या दिवसांत शेकडो कलमे तयार होऊ लागली.

६/८
१९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि कलमांची मागणी एकदम वाढली. फळरोपांच्या विक्रीसाठी परवान्याची अट १९६९ च्या कायद्याने आधीच घातलेली होती. ज्यांच्याकडे परवाना, खात्रीची मातृझाडे आणि कलम बांधणारे कुशल हात होते, त्यांना या मागणीचा लाभ घेता आला. केवळ खड्डे खणून देणारा रोजंदारीवरच राहिला.

७/८
मार्च २०२० मध्ये मांडव्यापर्यंत रो-रो बोट आली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या केल्या. एकाच हंगामावर किंवा एकाच मालकावर विसंबणे किती धोक्याचे, हे तेव्हा पुन्हा दिसले. बागेची उभारणी एकदाच होते, देखभाल मात्र बारमाही असते. वार्षिक देखभालीची कामे ही बागकामातली ‘केळी’ होत. त्यांच्या नियमित पैशावर स्वतःची रोपवाटिका आणि पगारी कुशल माळी उभे राहतात. खारे वारे सोसणारी रोपे स्वतः वाढवली, तर रोपांवरचा नफा घरात राहतो.

८/८
छोटा कंत्राटदार म्हणजे कूळ नव्हे, पण ‘शब्दावर’ चालणारे काम त्यालाही दुबळे करते. मेलेले रोप कोणी बदलायचे, हप्ता केव्हा द्यायचा, दर किती वर्षांनी वाढायचा, हे लिहिलेले नसेल तर तोटा त्याच्याच माथी येतो, आणि शेवटी त्याच्या माळ्याच्या मजुरीतून वसूल होतो. म्हणून कागद दोन हवेत : एक मालकाशी, दुसरा आपल्या माळ्यांशी. चरीच्या शेतकऱ्यांनी नोंदीचे मोल सहा वर्षांच्या उपासमारीतून चुकवले. आपल्याला ते एका करारपत्रात मिळू शकते.
(समाप्त)