डिचोलीची खाण आणि गोव्याच्या कलेतील थकवा

गोव्याच्या आधुनिक साहित्य-कलेत जो विषाद दिसतो, त्याचा एक मोठा उगम लोहखनिजाच्या खाणीत आहे. खाणींचे परवाने पोर्तुगीज अमलातच दिले गेले. धंदा वाढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानच्या पोलाद कारखान्यांना खनिज हवे झाले तेव्हा. डिचोली तालुक्यात मये, शिरगाव, पिळगाव, साखळीच्या आसपास डोंगर पोखरले गेले. टिपर खनिज धक्क्यावर आणीत, तिथून बार्ज ते मांडवीने मुरगाव बंदराकडे नेत. रस्त्याकडेची झाडे लाल, दोरीवरचे कपडे लाल, आणि पावसात डंपची, म्हणजे खाणीबाहेर रचलेल्या ढिगांची, माती थेट शेतात.

हे साहित्याने लवकर टिपले. वळवईच्या पुंडलिक नायकांच्या ‘अच्छेव’ (1977) या कोकणी कादंबरीत गावात खाण येते आणि एक शेतकरी कुटुंब पैशाच्या ओढीने विस्कटते. त्याआधी, 1940 च्या दशकात, साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सुझांनी राबून उपाशी राहणारे गोमंतकीय रंगवले होते. तो थकवा भाटकारशाहीतला, म्हणजे जमीनदारीतला. खाणीचा वेगळा: हातात रोकड येते आणि पायाखालची जमीन जाते.

चीनच्या मागणीमुळे 2010-11 मध्ये निर्यात 5 कोटी टनांच्या वर गेली. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. पुढे काही काळ चालल्या, पण 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लिजांचे नूतनीकरण रद्द केले. दारात उभा टिपर आणि बँकेचा थकलेला हप्ता, अशी खाणींवर अवलंबून असलेल्यांची स्थिती झाली. कामाने शिणलेल्यांना रिकामपणाने अधिक शिणवले.

तरुण कलावंत आता मांडणशिल्पाकडे वळले आहेत, आणि त्यांचा विषय खाणीपुरता नाही, विस्थापनाचाही आहे. साहिल नायक यांनी साळावली धरणाखाली गेलेल्या सांगे तालुक्यातील कुर्डी गावावर केलेले काम कोची बिएनालेत मांडले गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कुर्डीचे विस्थापित आपल्या घरांच्या जोत्यांवर परततात. विकासाची किंमत इतकी उघडी क्वचितच दिसते. पेडणे तालुक्यात ती मोपाच्या पठारावर मोजली गेली. तिथे विमानतळासाठी धनगर कुटुंबांना जागा सोडावी लागली. जानेवारी 2023 मध्ये विमाने उडू लागली.

पणजीत 2016 पासून सेरेंडिपिटी महोत्सव भरतो. खाणीच्या आणि विस्थापनाच्या दुःखावरची कामे तिथेच न थांबता डिचोलीच्या बाजारात, पेडण्याच्या देवळांच्या मांडवातही यायला हवीत. ज्यांचे हे दुःख आहे, त्यांनी ती आधी पाहावीत. कारण हे दुःख संपलेले नाही: डिचोलीची खाण लिलावानंतर 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली आहे.