वासोटा

वासोटा ऊर्फ व्याघ्रगड हा महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर वसलेला डोंगरी किल्ला आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,१७० मीटर आहे. पूर्वेस कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, पश्चिमेस कोकणात थेट कोसळणारे कडे आणि चारही अंगांनी घनदाट अरण्य यांमुळे तो महाराष्ट्रातील सर्वांत दुर्गम किल्ल्यांत गणला जातो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गांचे औदक, पार्वत, धान्वन आणि वन असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पार्वत आणि वन या दोन्ही प्रकारांची लक्षणे वासोट्यास लागू पडतात. असे असले तरी अभ्यासक व गिर्यारोहक त्याचा उल्लेख बहुधा वनदुर्ग असाच करतात, आणि गडाची वाट चढून गेलेल्यास ते पटते. डोंगराच्या चढापेक्षा अरण्याचा वेढाच येथे मोठा आहे.

नाव

वसिष्ठ ऋषींचा एक शिष्य या डोंगरावर येऊन राहिला आणि त्याने आपल्या गुरूचे नाव डोंगरास दिले, त्याचेच पुढे वासोटा झाले, अशी आख्यायिका आहे. तीस ऐतिहासिक आधार नाही. व्याघ्रगड हे नाव छत्रपती शिवाजी महाराजांनी दिले असे मानले जाते. परंतु लोकांच्या तोंडी वासोटा हेच नाव टिकले.

भूगोल

महाबळेश्वर येथे उगम पावणारी कोयना नदी आरंभी सह्याद्रीच्या रांगेला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. हेळवाकजवळ ती पूर्वेस वळते आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते. या दक्षिणोत्तर खोऱ्याच्या पश्चिम कडेवर वासोटा उभा आहे. कड्याच्या अलीकडे देश आणि पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुका अशी येथे सरळ विभागणी दिसते.

किल्ल्याच्या शेजारी जुना वासोटा नावाचा दुसरा डोंगर आहे. दोहोंच्या मध्ये खोल दरी असून नव्या वासोट्याच्या बाजूने दिसणारा तिचा अर्धवर्तुळाकार कडा बाबूकडा म्हणून ओळखला जातो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याशी त्याची तुलना नेहमी केली जाते. कोकणकड्याइतकी त्याची प्रसिद्धी नाही, याचे कारण केवळ वाटेची दुर्गमता हे होय. जुन्या वासोट्याचे शिखर नव्या वासोट्यावर नजर ठेवू शकते. ही भौगोलिक उणीव १८१८ मध्ये गडाला भोवली.

इतिहास

किल्ल्याच्या बांधणीचे श्रेय परंपरेने कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील दुसऱ्या भोज राजास दिले जाते. पन्हाळ्यासह या भागातील अनेक गडांविषयी असेच सांगितले जाते. नंतरच्या काळात जावळीचे खोरे मोऱ्यांच्या ताब्यात होते. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६५६ मध्ये जावळी घेतली. वासोटा मात्र त्यानंतर, १६६० मध्ये, स्वराज्यात आला. त्या वेळी महाराज स्वतः पन्हाळ्यास सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले होते. राजा वेढ्यात असतानाही त्याचे सैन्य दुसरीकडे गड घेत होते, ही गोष्ट त्या काळातील मराठी राज्ययंत्रणेविषयी बरेच काही सांगते.

अरण्य व कडे यांमुळे वासोट्याचा उपयोग लढण्यासाठी कमी आणि कैदी ठेवण्यासाठी अधिक झाला. पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी सिद्दी जौहरास तोफांची मदत केली होती. पुढे राजापुरावर स्वारी झाली, तेव्हा पकडलेल्या इंग्रजांपैकी काहींना या गडावर ठेवण्यात आले.

उत्तर पेशवाईत वासोटा एका स्त्रीमुळे गाजला. दुसऱ्या बाजीरावाने परशुराम श्रीनिवास प्रतिनिधी यांना मसूर येथे नजरकैदेत ठेवले होते. ताई तेलीण या प्रतिनिधींच्या निकटवर्ती स्त्रीने वासोट्याच्या आसऱ्याने माणसे जमविली आणि प्रतिनिधींची सुटका केली. बाजीरावाने सेनापती बापू गोखले यांना त्यांच्यावर धाडले. लढाईत प्रतिनिधी जखमी होऊन पकडले गेले. त्यानंतरही ताई तेलिणीने वासोटा सुमारे आठ महिने लढविला. गडावरील धान्याच्या कोठारास आग लागल्यावर तिला शरण जावे लागले. तिच्यावर आणि बापू गोखल्यांवर रचलेले एक चुटकेवजा कवन सातारा भागात अजून म्हटले जाते. त्यातील थट्टेचा सूर बाजूला ठेवला, तर एका स्त्रीने पेशव्यांच्या सेनापतीला इतका काळ अडवून धरल्याची नोंद लोकस्मृतीने त्यात जपली आहे. ताई तेलिणीचा उल्लेख पुष्कळदा केवळ प्रतिनिधींशी असलेल्या तिच्या नात्यावरून केला जातो. तिच्या युद्धनेतृत्वाकडे त्यामुळे दुर्लक्ष झाले आहे.

तिसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांचे कुटुंबीय वासोट्यावर ठेवण्यात आले होते. हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही येथे कैदेत होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये सातारा पडला. त्यानंतर जनरल प्रिट्झलरच्या सैन्याने वासोट्यास वेढा घातला. तोफा जुन्या वासोट्याच्या बाजूने चढविण्यात आल्या आणि भडिमार सुरू होताच थोड्याच अवधीत गड शरण आला. शेकडो वर्षे ज्या रानाने गडाचे रक्षण केले, ते तोफा वर नेणाऱ्या सैन्यास अडवू शकले नाही.

गडावरील अवशेष

वास्तूंच्या दृष्टीने वासोटा श्रीमंत नाही. दोन दरवाजांचे अवशेष ओलांडून वर गेल्यावर छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर लागते. तेथून वाटा फुटतात. एक वाट वाड्याच्या जोत्यांकडे जाते, दुसरी पाण्याच्या टाक्यांवरून महादेवाच्या मंदिराकडे आणि पुढे माचीकडे, तर तिसरी बाबूकड्याकडे. चुन्याच्या घाण्याचे अवशेषही दिसतात. महादेव मंदिर दगडी, आटोपशीर बांधणीचे आहे. माचीवरून पश्चिमेस कोकण आणि दक्षिणेस नागेश्वराचा सुळका दिसतो. नागेश्वर येथे डोंगरातील गुहेत शिवलिंग असून महाशिवरात्रीस चोरवणे व आसपासच्या गावांतून भाविक डोंगर चढून येतात. गुहेच्या छतातून पिंडीवर पाणी ठिबकते.

धरण, विस्थापन आणि अरण्य

कोयना धरणाने या परिसराचे रूप पालटले. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे सुमारे १०५ टीएमसी पाणी साठते आणि त्याच्या शिवसागर जलाशयाखाली खोऱ्यातील अनेक गावे, शेते व जुन्या वाटा गेल्या. पूर्वी वासोट्याच्या पायथ्यापर्यंत गावागावांतून चालत जाता येई. आता नाव हेच मुख्य साधन आहे. विस्थापितांचे पुनर्वसन दूरच्या जिल्ह्यांतही करण्यात आले. जमीन आणि नागरी सुविधा यांसाठी कोयना धरणग्रस्तांनी त्यानंतर दशकानुदशके आंदोलने केली. महाराष्ट्रास वीज देणाऱ्या खोऱ्यातील माणसांना आपल्या हक्कासाठी इतका काळ रस्त्यावर बसावे लागले, हे या प्रकल्पाच्या कौतुकात सहसा सांगितले जात नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. जलाशयामुळे उद्भवलेल्या भूकंपाचे उदाहरण म्हणून त्याचा अभ्यास जगभर केला जातो.

१९८५ मध्ये कोयना वन्यजीव अभयारण्य घोषित झाले आणि वासोटा त्याच्या हद्दीत आला. दक्षिणेस, प्रामुख्याने सांगली जिल्ह्यात, वारणा नदीवरील धरणाभोवती चांदोलीचे अभयारण्य झाले. त्यास २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. त्याचे एकूण क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर आहे. व्याघ्रगड हे जुने नाव असे योगायोगाने सार्थ ठरले. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाचा समावेश जागतिक वारशात केला, तेव्हा महाराष्ट्रातून कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळे निवडली गेली. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत सातारा जिल्ह्यातील प्रतापगड आहे, वासोटा नाही. म्हणजे वासोट्याभोवतालचे रान जागतिक वारसा आहे, परंतु स्वतः गड नाही.

अरण्यात जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा ही झाडे आणि उतारांवर कारवी विपुल आहे. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या आणि शेकरू यांचा येथे वावर आहे.

चांदोलीच्या अरण्यात, सातारा, सांगली आणि रत्नागिरी या जिल्ह्यांच्या सीमेजवळ, प्रचितगड हा असाच दुसरा वनदुर्ग आहे. त्याच्या कोकणाकडील पायथ्याशी शृंगारपूर हे महाराणी येसूबाईंच्या शिर्के घराण्याचे गाव आहे. अतिवृष्टीसाठी प्रसिद्ध असलेले पाथरपुंज याच भागात येते. कोयनेच्या बाजूस जंगली जयगड आणि भैरवगड हेही याच रांगेतील किल्ले होत.

गडावर जाण्याची वाट

साताऱ्याहून कास पठारामार्गे बामणोली सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. तेथून नावेने जलाशय ओलांडण्यास दीड तासाच्या आसपास लागतो. पलीकडे मेट इंदवली या उठलेल्या गावाच्या जागी उतरून वनखात्याच्या चौकीत नोंद करावी लागते. वनखात्याची परवानगी आवश्यक असून अरण्यात मुक्कामास मनाई आहे, त्यामुळे गड पाहून सायंकाळपूर्वी परतावे लागते. चढास साधारण दोन ते अडीच तास पुरतात. पावसाळ्यात मार्ग बंद असतो. पावसाळ्यानंतरही काही दिवस वाटेवर जळवा असतात. मेट इंदवलीत घरांची जोती आणि गावकऱ्यांनी लावलेली आंब्याफणसाची झाडे वाटेच्या कडेस अजून दिसतात.