श्री सोमनाथ दर्शन व गीर अरण्यालगतचा निवास

सौराष्ट्राच्या सागरतीरावरील प्रभासपाटण येथील श्री सोमनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी आद्य मानले जाते. येथून सुमारे ४५ कि. मी. अंतरावर, तालाळामार्गे, सासण गीर हे आशियाई सिंहांच्या अरण्याचे प्रवेशद्वार आहे. दर्शनानंतर एक-दोन दिवस शांत ठिकाणी राहू इच्छिणाऱ्या भाविकांसाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

दर्शन

सध्याच्या मंदिरात ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा झाली. त्याजवळच पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी इ. स. १७८३ मध्ये बांधविलेले मंदिर आहे; मराठी भाविकांनी तेथे अवश्य माथा टेकवावा. आरती सकाळी ७, दुपारी १२ व सायंकाळी ७ वाजता होते. मंदिरात भ्रमणध्वनी व कॅमेरा नेता येत नाही.

निवास

सायंआरती चुकवावयाची नसेल तर पहिली रात्र सोमनाथ ट्रस्टच्या सागरदर्शन, लीलावती अथवा माहेश्वरी अतिथिगृहात काढावी व दुसऱ्या दिवशी सासणला जावे. तेथे वनविभागाचे सिंहसदन आहे. तालाळा परिसरात केशर आंब्याच्या बागा असून त्या भागातही हॉटेले आहेत. खोली ठरविताना परवाना आहे ना, रात्री ध्वनिक्षेपक वाजतो का आणि शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का, हे आधीच विचारावे.

अरण्यदर्शन

गीर १९६५ मध्ये अभयारण्य व १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. मे २०२५ च्या गणनेत सौराष्ट्रात ८९१ सिंह आढळले. प्रवेशाचा परवाना वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधी घ्यावा; मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. १६ जून ते १५ ऑक्टोबर अरण्य बंद असते. म्हणून श्रावणात सोमनाथास जाणाऱ्यांनी देवळिया येथील कुंपणबंद उद्यानाचा विचार करावा. दिवाळीची सुटी, कार्तिकी पौर्णिमेची यात्रा व महाशिवरात्र या दिवसांत गर्दी फार असते; निवांतपणा हवा असल्यास हे दिवस टाळावेत.

भाविकांना विनंती

रात्री खासगी वाहनातून सिंह दाखवितो, असे सांगणारे लोक भेटतात. आमिष बांधून सिंहाला बोलाविण्याचे प्रकार येथे घडले असून त्याबद्दल गुन्हेही दाखल झाले आहेत. आमिषाला सरावलेला सिंह माणसाचे भय विसरतो आणि त्याची किंमत पुढे सिंहाला व गावकऱ्यांना मोजावी लागते. म्हणून कितीही आग्रह झाला तरी अशा फेरीस नकार द्यावा.

दुसरी गोष्ट नदीची. गीरच्या डोंगरांत उगम पावणारी हिरण नदी सासणजवळून वाहत प्रभासक्षेत्री येते आणि कपिला व सरस्वतीसह त्रिवेणी संगम होतो. ज्या तीर्थात आपण स्नान करतो, त्याचेच पाणी अरण्यातून आलेले असते. सासणच्या काठी टाकलेली बाटली वा पत्रावळ शेवटी त्रिवेणीच्या वाटेलाच लागते. तीर्थाचे पावित्र्य राखण्यास आरंभ घाटावर नव्हे, तर मुक्कामाच्या ठिकाणीच व्हावा, एवढीच आमची नम्र विनंती.