टीसीएल: गोणीवरच्या तीन अक्षरांची गोष्ट

आजच्या एपिसोडचा विषय एकदम घरगुती आहे. जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही ग्रामपंचायतीत जा. कोपऱ्यात एक पांढरी गोणी दिसेल. शिपायाला विचारलं तर तो म्हणेल, "टीसीएल आहे." आमच्या धुळ्याच्या घरी आजीसाठी ते नुसतं 'औषध'. "आज पाण्याला औषधाचा वास येतोय," एवढंच. शाळेच्या पुस्तकात त्याच पावडरीला 'विरंजक चूर्ण' म्हणतात आणि दुकानात 'ब्लिचिंग पावडर'. मोबाईलवर 'टीसीएल' शोधलं तर टीव्ही विकणारी कंपनी येते!

आता या नावाचा फुल फॉर्म बघा: ट्रॉपिकल क्लोराईड ऑफ लाईम. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला नावांची खोड आहे. चांगल्या नावात वापरायची सूचना लपलेली असते. या नावातही ती आहे.

सुरुवात मागून करू. 'लाईम' म्हणजे इथे लिंबू नाही, चुना. 'क्लोराईड'ची गोष्ट थोडी लांब आहे. 1774 मध्ये शील नावाच्या स्वीडिश केमिस्टने एक पिवळट-हिरवा, नाक झोंबवणारा वायू तयार केला. 1785 च्या सुमारास फ्रान्सच्या बर्थोलेने त्याने कापड पांढरं करून दाखवलं. त्याआधी युरोपात कापड आठवडे, कधी महिने उन्हात पसरून ठेवायचे. पण वायू काही पोत्यात भरून विकता येत नाही. 1799 मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने तो वायू पाणी मारून विरवलेल्या चुन्यात मुरवून कोरडी पावडर बनवायचं पेटंट घेतलं. माल पोत्यात आला आणि कापड गिरण्यांचं काम सोपं झालं. म्हणजे ही पावडर मुळात कापसाच्या धंद्याची. आपण खान्देशवाले कापसातच वाढलो, पण आपल्या घरात ती पाण्याच्या वाटेने आली.

त्या वायूला 'क्लोरीन' हे नाव 1810 मध्ये हम्फ्री डेव्हीने दिलं, ग्रीक भाषेतल्या फिकट हिरव्या रंगाच्या शब्दावरून. त्यानंतर पावडर झाली 'क्लोराईड ऑफ लाईम'. आजच्या केमिस्ट्रीत हे नाव चुकीचं ठरतं. काम करतो तो हायपोक्लोराईट, नुसता क्लोराईड काहीच पांढरं करत नाही. पण बाजारात रुळलेलं नाव कोण बदलणार? जुन्या कोडमधलं व्हेरिएबल जसं कोणी हात न लावता तसंच ठेवतं, तसं.

कापडावरून पाण्यावर गाडी कशी आली? 1847 मध्ये व्हिएन्नाच्या हॉस्पिटलमध्ये सेमेलवाईसने डॉक्टरांना याच पावडरच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. 1897 मध्ये इंग्लंडच्या मेडस्टोन गावात टायफॉईडची साथ आली, तेव्हा पाण्याच्या पाईपलाईनमध्ये ही पावडर वापरली. 1908 पासून अमेरिकेतल्या जर्सी सिटीत ती रोजच्या पाण्यात पडू लागली.

राहिला पहिला शब्द, 'ट्रॉपिकल'. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. साधी ब्लिचिंग पावडर ऊन आणि दमट हवेत क्लोरीन सोडत जाते. म्हणून उष्ण देशांसाठी तिच्यात जास्तीचा कळीचा चुना घातला. तो ओलावा शोषतो आणि पावडर जास्त दिवस टिकते. जास्त दिवस, कायम नाही! मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो. तेव्हा पत्र्याच्या खोलीत तोंड उघडी गोणी पडली असेल तर आत उरतो तो बहुतेक चुनाच. रंग पांढरा, थोडाफार वास, पण काम शून्य.

हिशोब करू. चांगल्या टीसीएलमध्ये क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्याकडचं माप 1000 लिटरला 5 ग्रॅम. म्हणजे 50,000 लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम. क्लोरीन 20 टक्क्यांवर आला तर तेवढ्याच कामाला 412 ग्रॅम लागतील. जलसुरक्षक मात्र नेहमीच्याच मापाने टाकणार, कारण गोणीवरची अक्षरं तीच आहेत. म्हणूनच पावडरचा नमुना तपासायचा आणि 20 टक्क्यांच्या खालची वापरायची नाही, असा नियम आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी जुलाबाची साथ आली की हा फरक लहान पोरांच्या अंगावर निघतो.

अजून एक. मोठ्या पाहुण्याचा दौरा असला की रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रेघा ओढतात ना? तीच पावडर. कोरड्या मातीवर तिचा उपयोग शोभेपुरता. तिची जागा बादलीत: आधी पाण्यात कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. आणि घरी ती टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडमध्ये कधीच मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आपल्याकडे कित्येक गावांत नळ आठ-आठ दिवसांनी येतो. पाणी ड्रममध्ये साठतं आणि साठलेल्या पाण्यातला क्लोरीन हळूहळू उडून जातो. म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. गोणी कधी उघडली? तपासणीत क्लोरीन किती टक्के आला? आणि शेवटच्या टोकाच्या नळावर ओटी टेस्ट केली का? थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन तिथपर्यंत पोचला. किमान 0.2 पीपीएम हवा.

औषध म्हटलं की आपण एक्स्पायरी बघतो. या औषधाचीही बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!