‘ज्ञानोदय’ मराठी कसा झाला

१८४२ च्या जून महिन्यात अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघाला, तेव्हा मराठी नियतकालिकांचे वय उणेपुरे दहा वर्षांचे होते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला सुरू होऊन १८४० मध्ये बंदही पडले होते आणि मुंबईत भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ला जेमतेम वर्ष होत आले होते. नगरचे हे नवे पत्र अमेरिकन मराठी मिशनचे, संपादक रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन. चालू घडामोडी आणि इथल्या लोकांचे आचारविचार ख्रिस्ती श्रद्धेच्या उजेडात वाचकांपुढे मांडायचे, हा त्याचा उघड हेतू होता. म्हणूनच की काय, मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात ‘मिशनऱ्यांचे धर्मप्रसाराचे पत्र’ एवढ्या एका ओळीत त्याची बोळवण होते. ती ओळ खोटी नाही, पण फार अपुरी आहे. परक्यांनी सुरू केलेले हे पत्र पुढच्या पाऊणशे वर्षांत मराठी माणसांनी लिहून लिहून आपलेसे केले आणि वर्तमानाकडे ख्रिस्ती नजरेने पाहणे ही मराठीतलीच एक विचारपरंपरा झाली, असे माझे म्हणणे आहे.

आधी छापखान्याकडे पाहू, कारण हाच प्रकार तिथे अगोदर घडून गेला होता. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि थोड्याच वर्षांत मिशनचा छापखाना उभा राहिला. शुभवर्तमाने आणि लहानसहान धर्मपुस्तिका छापण्यासाठी तो होता. पण मिशनचे हे काम पाहून गणपत कृष्णाजींना छापण्याचे वेड लागले आणि १८३१ मध्ये त्यांनी शिळाछापावर पहिले मराठी पंचांग छापले. याच मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅम यांनी सुबक मराठी टाइप तयार केले. जावजी दादाजी लहान वयात तिथेच कामाला लागले, टाइपाची विद्या शिकले आणि पुढे त्यांनी ‘निर्णयसागर’ छापखाना उभारला. बायबलसाठी ओतलेल्या अक्षरांची विद्या अशी वेद, काव्ये आणि पुराणे छापणाऱ्या हातांत गेली. ‘ज्ञानोदया’च्या पानांचेही तसेच झाले.

सुरुवातीच्या अंकांचा रोख स्पष्ट होता. खगोल, भूगोल, प्राण्यांची वर्णने, लाकडी ठशांवरून छापलेली चित्रे यांतून वाचकाला नवे शास्त्र सांगायचे आणि ग्रहणाचे खरे कारण एकदा कळले की राहू-केतूवरची श्रद्धा ढळेल, अशी आशा धरायची. देशोदेशीच्या बातम्यांतही ईश्वरी संकेत शोधला जाई. या मांडणीत एक मोठा दोष होता आणि तो झाकण्यात अर्थ नाही. हिंदू समाजाची वाईटात वाईट रूढी एका पारड्यात टाकायची आणि ख्रिस्ती धर्माचे उंचात उंच वचन दुसऱ्यात, हे वजन खरे नव्हे. हे मिशनरी ज्या देशातून आले, त्या अमेरिकेत गुलामगिरी १८६५ पर्यंत कायद्याने चालू होती. इथल्या रूढींना लावलेले माप तिथेही लागू पडत होते. मराठी वाचकाने हा एकतर्फी न्याय निमूटपणे ऐकून घेतला नाही. मोरभट दांडेकरांनी १८४४ मध्ये मिशनऱ्यांना उत्तर देण्यासाठी ‘उपदेशचंद्रिका’ काढली. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते आणि ऐकायला गर्दी लोटत होती. या वादांत कोण जिंकले हे मला फारसे महत्त्वाचे वाटत नाही. प्रमाण द्या, उत्तर द्या, छापून द्या ही सवय दोन्ही बाजूंना लागली आणि मराठी गद्याला वादाचे वळण मिळाले, हा त्यातला टिकाऊ भाग.

पण ‘ज्ञानोदया’चे खरे मोल पाहायचे तर १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ हे दोन अंक उघडावे लागतात. या दोन अंकांत मिळून एक निबंध छापला गेला. विषय मांग-महारांच्या दुःखाचा. लिहिणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, पुण्यात जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी. शिकायला लागून तिला तीनच वर्षे झाली होती. वेद ब्राह्मणांचे, ते आम्ही पाहायचेही नाहीत, तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती थेट देवाला घालते. वाड्यांच्या पायांत माणसे पुरली जात, बाजीरावाच्या राज्यात तालमीपुढून जाणाऱ्या मांग-महाराचे शिर गुलटेकडीच्या मैदानात उडवले जाई, हे ती नोंदवते. आणि डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या जातीतल्या बायांविषयी लिहिताना तिची लेखणी क्षणभरही अडखळत नाही. त्या काळच्या मराठीत वर्तमान म्हणजे दरबार, लढाया, बदल्या, दुष्काळ आणि बाजारभाव. उघड्यावरचे बाळंतपण हेही वर्तमान आहे, ते छापण्याच्या लायकीचे आहे, हे या मुलीने आणि तिचे अक्षर छापणाऱ्या पत्राने दाखवले.

यावर आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हिंदू समाजाचे उणे दाखवायला मिशनला हा निबंध हवाच होता, आपल्या कामाचा म्हणून त्यांनी तो छापला, शिवाय त्यात इंग्रज राज्याची स्तुतीही आहे. छापणाऱ्याचा हेतू तसा असेल, हे मी मान्य करतो. पण छापणाऱ्याच्या हेतूवरून लिहिणाऱ्याच्या शब्दांची किंमत ठरत नाही. मुक्ता ज्या शाळेत शिकली ती मिशनची नव्हती. आपला धर्म कोणता, याचे आयते उत्तर ती मिशनकडून उचलत नाही, प्रश्न धगधगता ठेवते आणि आपल्या लोकांना शिक्षणाचे औषध घ्यायला सांगते. इंग्रज राज्याविषयीचे तिचे चांगले शब्दही भाटगिरीचे नाहीत. रस्त्याने चालताना जिवाची भीती उरली नाही, हा तिच्या घरचा अनुभव होता. पेशवाई कुणाला गोड वाटावी आणि कुणाला नाही, हे ज्याच्या त्याच्या घराच्या जागेवर ठरत होते. जोतीरावांचेही तसेच. नगरला सिंथिया फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली, मिशनऱ्यांच्या कामातून घ्यायचे ते घेतले, पण बाप्तिस्मा घेतला नाही आणि आपला सत्यशोधक मार्ग स्वतः आखला.

मुक्ताच्या निबंधानंतर दोनच वर्षांनी बाबा पदमनजींनी वर्तमानाकडे पाहण्याची ही ख्रिस्ती नजर कादंबरीत नेली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा आणि विधवांच्या हालांवरची त्यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. कालपरवाच्या वादातून ती जन्मली, हे तितकेच लक्षात ठेवण्याजोगे. मात्र पदमनजींच्या लेखनात जुन्या धर्माशी काडीमोड घेतल्याची धार आहे. ती धार बोथट न करता परंपरेशी पुन्हा नाते जोडले ते नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीकडे १९१२ साली ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन आले आणि ते १९१९ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणारा हा माणूस. अभंग, ओवी आणि कीर्तन ही त्यांच्या भक्तीची भाषा, आणि ख्रिस्ती होऊनही हिंदी माणूसच राहायचे हा त्यांचा आग्रह. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाची भक्तमंडळी उभारली आणि तिची दारे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही उघडी ठेवली. बॅलंटाइन यांच्या पत्रात इथला समाज बाहेरून पाहिला जात होता. त्याच पत्रात टिळक आतून बोलत होते आणि गोऱ्या मिशनऱ्यांच्या वर्चस्वालाही चार शब्द सुनावत होते. शिष्याने गुरूलाच प्रश्न विचारावा इतका हा प्रवास लांबवर गेला.

दर ६ जानेवारीला आपण ‘दर्पण’चे स्मरण करून पत्रकार दिन पाळतो, तो जरूर पाळावा. त्याच आठवड्यात वृत्तपत्रविद्येच्या वर्गात मुक्ता साळवेचा निबंध मोठ्याने वाचून दाखवावा, एवढी विनंती आहे. दोन अंकांचा मजकूर, अर्ध्या तासाच्या आत वाचून होतो.