रांजणाखालचा पाहुणा



चैत्र सरला की विहिरी तळ गाठतात, रानातली डबकी आटतात आणि आपल्या दारी एक पाहुणा येतो. कधी मोरीत, कधी रांजणाखाली, कधी सरपणाच्या ढिगात. सापाला स्वतःचं अंग गार ठेवता येत नाही. भोवतालची जमीन तापली की तोही तापतो, म्हणून तो गारवा शोधतो. गारवा आहे आपल्या पाण्याजवळ आणि खाणं आहे आपल्या कणगीजवळ, कारण तिथे उंदीर असतात. आता गावाबाहेरच्या रानात प्लॉट पडले, घरं झाली. तिथे तर साप आधीपासूनच राहत होता, आपणच नंतर गेलो.

आज या जुन्या शेजाराचा इतिहास सांगायचा आहे. सुरुवात माझ्या थोरल्या आत्यापासून करते.

आमचं गाव माणदेशातलं. बहात्तरच्या दुष्काळात, १९७३ च्या उन्हाळ्यात, आत्या दिवसभर रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायची. रात्री घरात उकडायचं म्हणून सगळे अंगणात भुईवर झोपायचे. एका पहाटे तिच्या पोटात कळा आल्या. आजीने ओवा दिला. थोड्या वेळाने तिच्या पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, पान लागलं असेल. तिला देवऋष्याकडे नेलं. दुपारपर्यंत आत्या गेली. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की ही सगळी लक्षणं मण्यारीची. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते आणि बहुतेकदा दुखतही नाही.

मला तेव्हापासून एकच प्रश्न छळायचा. त्या काळी औषधच नव्हतं का?

होतं, मैत्रिणींनो. पुष्कळ आधीपासून होतं.

इंग्रजांच्या राज्यात आधी एक सोपा उपाय काढला होता. मेलेला साप आणा आणि इनाम घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात १८६२ च्या डिसेंबरात फुरशाचं इनाम वाढवलं, तेव्हा आठवडाभरात एक लाखाहून जास्त फुरशी मारली गेली, अशी नोंद जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. तरी कोकणातली फुरशी काही संपली नाहीत. आजही आहेत. आणि देशभरात सरकारी कागदांवर सापाचे बळी वर्षाला वीस हजारांच्या आसपास लागतच राहिले.

खरा उपाय प्रयोगशाळेतून आला. १८९१ च्या सुमारास व्हिएतनाममध्ये एके ठिकाणी पूर आला, नाग वस्तीत शिरले आणि माणसं दगावली. तिथे काम करणाऱ्या अल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरांनी नागाच्या विषावर अभ्यास सुरू केला. १८९५ पर्यंत त्यांनी त्यावरची लस तयार केली. तिची रीत अशी: जनावराला विषाची अगदी थोडी मात्रा टोचायची, ती हळूहळू वाढवायची. त्याच्या रक्तात विषाला मारणारं द्रव्य तयार होतं. ते वेगळं काढून माणसाला द्यायचं. पुढे या कामासाठी घोडे पाळले गेले.

पण नागाची लस घोणशीच्या विषावर चालेना. हे दाखवून दिलं जॉर्ज लॅम्ब या डॉक्टरांनी, आपल्या मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत. प्लेगच्या लशीसाठी उभी राहिलेली ही जागा १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. पुढे तिथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याही विषावर चालणारी एकच लस बनू लागली. म्हणजे आत्या गेली तेव्हा ही लस आपल्याच राज्यात तयार होत होती. ती आमच्या गावापर्यंत आली नव्हती आणि आम्हाला तिच्यापर्यंत जायची वाट ठाऊक नव्हती.

लशीसाठी विष लागतं. तमिळनाडूतले इरुला आदिवासी पूर्वी कातड्यासाठी साप पकडायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि तो धंदा बंद पडला. १९७८ मध्ये त्यांनी सहकारी संस्था काढली. आता ते साप पकडतात, विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. देशातल्या लशीला लागणारं बरंचसं विष त्यांच्याकडून येतं. आपल्या बचत गटासारखीच ही एकत्र आलेल्या गरिबांची संस्था.

मग मांत्रिकाकडे नेलेले काही जण बरे कसे होतात? कारण साधं आहे. धामण, दिवड, तस्कर, कवड्या असे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. असा माणूस मंत्र न म्हणताही वाचला असता. ज्याच्या अंगात खरंच विष गेलंय, त्याचा मात्र तिथे वेळ जातो, आणि वेळच त्याचं आयुष्य असतं.

एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली. बहुतेक खेड्यातली. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या काळातले. २०२४ मध्ये केंद्र सरकारने कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत.

म्हणून पावसाची वाट न पाहता आत्ताच हात चालवूया. सरपण आणि गोवऱ्या भिंतीपासून दूर रचा. उंदरांची बिळं बुजवा. रांजणाखाली हात घालण्याआधी काठी फिरवा. अंधारात बॅटरी घ्या. भुईवर झोपायची वेळ आली तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. साप दिसला तर मारू नका, कोंडूही नका. लांब उभं राहून नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

चावलाच, तर बांगड्या, अंगठ्या, जोडवी लगेच काढा, कारण अंग सुजतं. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. करकचून बांधू नका, कापू नका, चोखू नका. १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. लस तिथे मोफत मिळते. पहाटे कुणाच्या पोटात विनाकारण कळा आल्या आणि पापण्या जड झाल्या, तर खूण सापडली नाही तरी थांबू नका.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. दोघींनी आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, सापाची लस आहे का, किती आहे, रात्री कोण असतं. इथे नसेल तर कुठे मिळेल, तेही विचारा. उत्तर वहीत लिहून ठेवा.

आत्या ज्या रस्त्याची खडी फोडत होती, तो रस्ता पुढे पक्का झाला. आज त्यावरून तालुक्याच्या दवाखान्यात अर्ध्या तासात पोचता येतं.