मैदान पाहावे आखून

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. मला विचाराल तर त्यात गोल्फचे मैदान पाहावे आखून, हेही घालायला हरकत नाही. लग्नाला नातेवाईक लागतात, घराला पैसा लागतो. मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते. कॉम्प्युटरवर आखायचे असेल तर मात्र नुसती रात्र लागते आणि घरच्यांनी जरा कानाडोळा करावा लागतो.

मी स्वतः गोल्फ खेळलेलो नाही. चेंडू लांब मारायचा आणि मग आपणच तो शोधत जायचे, यात मोठेपणा कसला हे मला बरेच दिवस कळत नव्हते. आमच्या गल्लीत हे काम सर्वांत लहान पोराला देत. पण एक गोष्ट ध्यानात आली. क्रिकेटची खेळपट्टी मुंबईत काय नि मेलबर्नला काय, बावीस यार्डांचीच. गोल्फचे तसे नाही. होल अठरा, एवढेच ठरलेले. बाकी टेकडी कुठे, वाळूचा खड्डा कुठे, तळे कुठे, हा सगळा आखणाऱ्याच्या मर्जीचा मामला. तेव्हा खेळणारा झुंजतो तो खरे म्हणजे मैदान आखणाऱ्याशी. तो बाबा कधीच वारलेला असला तरी त्याने करून ठेवलेला खोडसाळपणा शाबूत असतो.

त्यामुळे कॉम्प्युटरवर गोल्फ आला, तेव्हा तो नुसता खेळून लोकांचे समाधान होणार नव्हते हे उघड आहे. १९८६ साली अमेरिकेत ‘मीन एटीन’ नावाचा खेळ निघाला. रेक्स ब्रॅडफर्ड यांनी तो तयार केला होता आणि अ‍ॅकोलेड या कंपनीने बाजारात आणला होता. त्यात सेंट अँड्र्यूजसारखी नामांकित मैदाने होतीच, शिवाय आपले मैदान आपण आखण्याची सोय होती. हलवायाने जिलबीबरोबर कढई आणि झाराही बांधून द्यावा, तसा हा प्रकार. लोकांनी जिलबी बाजूला ठेवली आणि कढईलाच हात घातला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या ‘लिंक्स २००१’मध्ये थोर गोल्फपटू अर्नोल्ड पामर यांच्या नावाने असेच अवजार आले. त्या मालिकेची कॉम्प्युटरवरची शेवटची आवृत्ती ‘लिंक्स २००३’. कंपनीने दुकान आवरले, तरी हौशी मंडळी त्या खेळासाठी मैदाने आखतच राहिली. फुकट, हो! आणि २०१४ साली कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने ‘द गोल्फ क्लब’ काढला, तेव्हा तर माती उचलणे, झाडे लावणे, नदी वळवणे हे सगळे बोटांवर आले.

माझा एक भाचा या नादातला आहे. नोकरी सांभाळून रात्री मैदाने आखतो. त्याने एकदा मला हाक मारली.

“मामा, हा बघ कोकणकडा. इथून मारायचं.”

“आणि चेंडू खाली गेला तर?”

“गेला. कोकणात.”

त्याच्या आईचे, म्हणजे माझ्या बहिणीचे म्हणणे असे, की रात्रभर डोंगर उचलतो पण सकाळी कचऱ्याचा डबा उचलायला सांगितला की पाठ धरते. तिचे चुकते असे नाही. पण चाळीत दोन खोल्यांत आयुष्य काढून कॅलेंडरच्या पाठीवर बंगल्याचे नकाशे काढणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना कोणी रिकामटेकडे म्हटले की मला बरे वाटत नाही. म्हणून मी तिला लिडोची गोष्ट सांगितली.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर समुद्रकाठी दलदलीची जागा होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड यांनी तिथे मैदान आखले. खाडीतली वाळू उपसून दलदल भरली. म्हणजे उंचवटा हवा तिथे उंचवटा, खळगा हवा तिथे खळगा! माझ्या भाच्याला पडद्यावर मिळते ती कोरी पाटी या गृहस्थांना खरोखरीच्या जमिनीवर मिळाली. आता गंमत पाहा. या मैदानासाठी १९१४ साली ‘कंट्री लाइफ’ या इंग्रजी साप्ताहिकाने वाचकांसाठी स्पर्धा लावली. एक उत्तम होल कागदावर आखून पाठवा! परीक्षकांत बर्नार्ड डार्विन होते, ‘त्या’ डार्विनसाहेबांचे नातू. बक्षीस मिळाले लीड्सच्या अ‍ॅलिस्टर मॅकेंझी नावाच्या डॉक्टरला. हा माणूस बोअर युद्धात शल्यविशारद म्हणून गेला होता. तिथे जखमा शिवता शिवता बोअर लोक खंदक कसे लपवतात हे तो निरखून आला. घरी येऊन त्याने मैदाने आखण्याचा नाद लावून घेतला आणि पुढे डॉक्टरकीच सोडली. घरच्यांना काय वाटले असेल, ते आपण समजू शकतो. त्याच्या बक्षीसपात्र होलात झेंड्यापर्यंत जायच्या अनेक वाटा होत्या. ज्याची जेवढी छाती, त्याची तेवढी जवळची वाट. थोडाफार फेरफार करून ते होल लिडोचे अठरावे झाले. जगप्रसिद्ध ऑगस्टा नॅशनल बॉबी जोन्सच्या जोडीने ज्याने आखले, तो हाच मॅकेंझी. तिथली पहिली स्पर्धा १९३४ च्या मार्चमध्ये झाली आणि तो जानेवारीतच गेला.

लिडोचे नशीब त्याहून वाईट. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन नौदलाने ती जागा घेतली आणि मैदान पुसले गेले. जगातल्या उत्तम मैदानांत ज्याचे नाव घेत, त्याचे उरले काय, तर जुने फोटो, नकाशे आणि म्हाताऱ्यांचे उसासे.

असे सत्तरएक वर्षे चालले. मग शिकागोकडचे एक गृहस्थ पुढे आले. धंद्याने पैशाच्या व्यवहारांचे सल्लागार, मैदाने आखायची पदवी वगैरे काही नाही. त्यांनी विमानातून काढलेले जुने फोटो, जमिनीवरचे फोटो, लोकांनी लिहून ठेवलेली वर्णने असे हाती लागेल ते जमवले. सावली किती लांब पडली आहे यावरून ढिगाऱ्याची उंची काढायची, माणूस शेजारी उभा असेल तर त्याच्या मापाने खड्डा मोजायचा, असला हा चिकट उद्योग. आणि हे सगळे मांडले कुठे? तर ‘द गोल्फ क्लब’ या खेळात. नौदलाने पुसलेले मैदान पोरांच्या खेळात पुन्हा उभे राहिले.

इथे गोष्ट संपली असती तरी मी बहिणीला सांगितलीच असती. पण विस्कॉन्सिन राज्यात सँड व्हॅली नावाचे गोल्फचे मोठे ठिकाण आहे. तिथल्या मालकांनी ठरवले, की हे मैदान जमिनीवर उतरवायचे. टॉम डोक या नामवंत आखणीकारावर काम सोपवले. त्या गृहस्थांच्या आराखड्यातले उंच-सखल आकडे उपग्रहाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या बुलडोझरांना दिले. २०२३ साली मैदान खुले झाले. डॉक्टरसाहेबांचे अठरावे होल जागच्या जागी आहे. समुद्र तेवढा आणता आला नाही. वाळू मात्र भरपूर आहे, कारण हजारो वर्षांपूर्वी तिथे हिमयुगातले एक प्रचंड सरोवर होते.

बहिणीने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, “त्या शिकागोवाल्याच्या घरी कचरा कोण टाकतं?”